सुकाणूचे चाक उतरवताना

पावसाळा सरत आला की जुन्या मोटारींच्या तक्रारींत एक तक्रार हमखास ऐकू येते. हॉर्न वाजेनासा होतो, किंवा वाजायला लागला की थांबत नाही. वळण संपले तरी इंडिकेटरची दांडी आपल्या जागी परत येत नाही, दिव्यांच्या खटक्याला हात लावला की दिवे लुकलुकतात. घरातली मारुती 800 असो किंवा कोणी हौसेने जपून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी, या सगळ्या दुखण्यांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी दडलेले असते, ते म्हणजे स्टीअरिंगच्या चाकाखाली. खटका बदलायचा, संपर्काची कडी घासून साफ करायची, एवढेच काम. पण ते चाक उतरवल्याखेरीज होत नाही आणि चाक तर दांड्याला जणू उगवल्यासारखे चिकटलेले असते.

गॅरेजात यासाठी पुलर नावाचे साधे अवजार असते. मधोमध एक जाड आटेदार खिळा, दोन्ही बाजूंना चाकाला पकडणारे बोल्ट. खिळा आवळला की तो दांड्याला टेकतो आणि चाक सरळ रेषेत वर ओढले जाते. घरगुती पेटीत हे अवजार क्वचितच असते. ते नसले की पुढे जे घडते ते बहुतेक वेळा हातोड्याने घडते आणि मूळ दुखण्यापेक्षा हा इलाज महाग पडतो. ज्याने पंधरा-वीस वर्षांची गाडी अजून चालती ठेवली आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात नेली की हॉर्न आणि दिवे यांची तपासणी होतेच.

मोटारीला चाकाने दिशा देण्याची पद्धत मोटारीइतकी जुनी नाही, हे येथे सांगण्यासारखे आहे. सुरुवातीच्या मोटारींना होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. तो डावीउजवीकडे ढकलून गाडी वळवावी लागे. 1894 सालच्या पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों या फ्रेंच चालकाने आपल्या पानहार गाडीला दांड्याऐवजी चाक बसवले आणि काही वर्षांतच दांडा मागे पडला. मराठीत स्टीअरिंगला ‘सुकाणू’ म्हणतात तेव्हा त्या पहिल्या दांड्याची आठवण नकळत जागी होते.

चाक इतके घट्ट का बसते, हे समजले की ते काढण्याची अर्धी युक्ती हाती येते. स्टीअरिंगच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बारीक उभे दाते कापलेले असतात आणि चाकाच्या मधल्या भोकात त्यांना जुळणारे दाते असतात. यामुळे चाक दांड्यावर घसरून फिरत नाही. शिवाय अनेक गाड्यांत दांड्याचे हे टोक वरच्या बाजूला किंचित निमुळते होत गेलेले असते. वरून नट आवळला की चाक या निमुळत्या भागावर पाचरीसारखे खाली रुतत जाते. सुताराने लाकडात ठोकलेली पाचर जशी हाताने ओढून निघत नाही, तसेच येथे घडते. नट पूर्ण काढून टाकला तरी पाचर आपल्या जागी रुतलेलीच राहते. भरीला गंज असतोच. काही चाकांचा मधला भाग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि दांडा मात्र पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे राहिले की त्यांच्यामध्ये क्षार धरतात. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचे चाक देशावरच्या गाडीपेक्षा अधिक त्रास देते, त्याचे कारण हेच.

म्हणजे लढाई दोन गोष्टींशी आहे, पाचरीची पकड आणि गंज. दोन्ही गोष्टी एका दणक्यात मोडण्यापेक्षा थोड्या थोड्या हालचालीने सैल करणे सोपे असते.

तथापि कोणत्याही पान्याला हात लावण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. पुढे सांगितलेली सगळी रीत एअरबॅग नसलेल्या गाडीपुरतीच आहे. चाकाच्या मधोमध ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ अशी अक्षरे कोरलेली असतील, किंवा चावी फिरवल्यावर समोरच्या फलकावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझत असेल, तर हे काम घरी करण्याचे नाही. मारुती 800 या गाडीचे उत्पादन 1983 च्या अखेरीस सुरू झाले आणि 2014 च्या जानेवारीत थांबले. तिला एअरबॅग कधी नव्हती. पद्मिनीला असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु 1 जुलै 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला चालकाच्या बाजूची एअरबॅग बंधनकारक झाली. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांच्या महागड्या आवृत्त्यांतही ती होती. त्यामुळे गाडीच्या नावावरून अंदाज बांधण्याऐवजी प्रत्यक्ष समोर असलेले चाक पाहणेच योग्य.

ही सावधगिरी कशासाठी, याचे उत्तर एअरबॅगच्या कामाच्या वेगात आहे. चाकाच्या मध्यभागी घडी घालून ठेवलेल्या पिशवीमागे वायू निर्माण करणारे रसायन असते. विजेचा लहानसा प्रवाह मिळाला की ते पेट घेते आणि सुमारे तीस मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. अपघातात ही पिशवी छाती वाचवते, पण तीच पिशवी पान्यावर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर उघडली तर हाड मोडू शकते. बॅटरीची वायर काढली की धोका संपला, असा समज आहे. तो अपुरा आहे. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून या यंत्रणेत विजेचा साठा राखून ठेवलेला असतो आणि तो ओसरायला काही मिनिटे जावी लागतात. ही वाट किती पाहायची, हे त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. हौशी माणसाला आणखी एक मोह होतो, तो म्हणजे मल्टिमीटर लावून ‘वायर चालू आहे का’ हे पाहण्याचा. मीटरमधून जाणारा क्षीण प्रवाहसुद्धा येथे धोकादायक ठरू शकतो.

शिवाय अशा गाडीत चाकाखाली पातळ चपट्या तारेची, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळी असते. चाक फिरले तरी एअरबॅगपर्यंतची वायर तुटू नये म्हणून ही व्यवस्था. तिला ठरावीकच वेढे मिळतात. चाक काढल्यावर ती नकळत थोडी फिरली आणि तशीच बसवली, तर एखाद्या पूर्ण वळणावर ती तुटते आणि एअरबॅग मुकाट्याने निकामी होते. नव्या गाड्यांत चाकाचा कोन मोजणारे संवेदकही याच भागात असतात. अशा गाडीचे काम अधिकृत सेवा केंद्रात द्यावे. तेथे लागणारी मजुरी वाचवण्याच्या नादात पडू नये.

एअरबॅग नसलेल्या गाडीकडे वळू. गाडी सपाट जागी उभी करून पुढची चाके अगदी सरळ करावीत, हातब्रेक ओढावा आणि बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवावी. हॉर्नचा मंडल उघडताना तो गल्ली जागी करू शकतो, एवढ्यासाठीच हे नव्हे; पान्याचा स्पर्श होऊन ठिणगी उडण्याची आणि फ्यूज जाण्याची शक्यताही असते. चावी मात्र कुलपाच्या स्थितीत ठेवू नये. स्टीअरिंगचे कुलूप लागलेले असताना नट सोडवायला गेले की सगळा जोर कुलपाच्या लहानशा खुंटीवर येतो. ती वाकली तर चाक उतरेल, पण गाडी कुलपात अडकून बसेल.

मधले पॅड काही गाड्यांत नुसते ओढून निघते, काहींत मागच्या बाजूने दोन स्क्रू असतात. ते आधी चाचपून पाहावे आणि मगच ओढावे. उन्हाने वाळलेले प्लास्टिक तुटायला निमित्तच शोधत असते. पॅडखाली हॉर्नची वायर दिसते, ती अलगद सोडवावी. आता मधला नट समोर येतो. लहान जपानी बनावटीच्या गाड्यांत तो बहुधा 17 किंवा 19 मिलिमीटरचा असतो. खोलगट जागेत असल्याने उघड्या तोंडाचा पाना चालत नाही, गोटी पाना आणि त्याला लांबीचा दांडा लागतो. विशेष अवजार म्हणावे असे यात काही नाही.

नट सोडवण्याआधी खूण करावी. दांड्याच्या टोकावर आणि चाकाच्या मधल्या भागावर एकाच रेषेत पांढऱ्या रंगाची किंवा नखांना लावायच्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तरी उत्तम, पण रेघ हवीच. एका दात्याने चुकले तरी सरळ रस्त्यावर चाक तिरके दिसते आणि इंडिकेटरची दांडी एका बाजूला लवकर, दुसऱ्या बाजूला उशिरा परतू लागते. येथे एक गैरसमजही दूर केलेला बरा. सरळ जाताना चाक तिरके राहते म्हणून ते काढून दोन दाते फिरवून बसवणे, हा रस्त्याकडेचा लोकप्रिय इलाज आहे. मूळ दोष बहुतेक वेळा पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटमध्ये असतो आणि तो टायरॉडवर दुरुस्त करायचा असतो. चाक फिरवून बसवल्याने तिरकेपणा झाकला जातो आणि टायर मात्र एका बाजूने झिजत राहतात.

आता नट सोडवायचा. जोर लावताना एका हाताने किंवा सोबत्याकडून चाक घट्ट धरून ठेवावे. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे सैल झाले आणि नटाचा माथा दांड्याच्या टोकाशी जवळपास सपाट आला की थांबावे. या साऱ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच, आणि नेमकी तीच विसरली जाते. अडकलेले चाक सुटते तेव्हा हळूच सुटत नाही, एकदम सुटते. नट जागेवर नसेल तर पूर्ण ताकदीने ओढलेले चाक थेट नाकावर किंवा दातांवर येते. शिवाय सैल ठेवलेला नट दांड्याच्या आट्यांना दणक्यांपासून वाचवतो.

सीट मागे सरकवून ताठ बसावे. दोन्ही हातांनी चाकाला तीन आणि नऊच्या जागी धरून आधी डावी बाजू आपल्याकडे ओढावी, मग उजवी. त्यानंतर बारा आणि सहाच्या जागी धरून वरची बाजू, मग खालची. यात चाक ओढण्यापेक्षा ते डोलवण्यावर भर आहे. प्रत्येक डोलण्याने पाचरीची एक बाजू केसभर सुटते, गंजाचा थर तडकतो. शक्य तोवर जोर कडेवर न लावता आऱ्यांवर, मध्याच्या जवळ लावावा. जुन्या गाड्यांच्या चाकाची कड आतल्या पातळ तारेवर चढवलेल्या प्लास्टिकची असते, ती वाकते किंवा चिरते. काही जुने कारागीर गुडघे चाकाखाली घालून मागून वर ढकलतात आणि त्याच वेळी हातांनी डोलवतात. पायाचे स्नायू हाताच्या कितीतरी पट जोरकस असल्याने ही रीत चांगलीच लागू पडते, मात्र जोर सारखा आणि सावकाश हवा.

पाच-दहा मिनिटांत चाक हलले नाही तर वाट पाहणे अधिक शहाणपणाचे. गंज सैल करणारे तेल, आणि ते नसेल तर थोडे रॉकेल, दात्यांच्या वर बारीक थेंबांनी सोडावे आणि तासभर, जमल्यास रात्रभर मुरू द्यावे. ते भसाभसा ओतू नये. खालचा खटका आणि संपर्काची कडी तेलात भिजली तर हॉर्नचे दुखणे वाढेल. चाकाचा मधला भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर केस वाळवायचे यंत्र येथे कामी येते. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे मधला भाग चांगला गरम झाला की पकड थोडी सैल होते. रॉकेल किंवा तेल सोडले असेल, तर ते पुसून पूर्ण उडून गेल्याखेरीज मात्र गरम हवेचा प्रयोग करू नये. ज्योतीचा दिवा तर जवळही आणू नये.

राहिला हातोडा. सोबत्याने चाक ओढून धरायचे आणि दुसऱ्याने दांड्याच्या टोकावर एक सणसणीत घाव घालायचा, ही रीत पूर्वीच्या गाड्यांवर रूढ होती. तिच्याने चाक निघते, हे नाकारता येत नाही. प्रश्न घाव कोठे जातो हा आहे. जुन्या अखंड दांड्याच्या गाडीत तो थेट खालच्या स्टीअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगवर जातो. नंतरच्या गाड्यांत गोष्ट याहून गंभीर आहे. समोरासमोरच्या अपघातात अखंड दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसत असे. म्हणून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धडकेबरोबर आत दबणारे दांडे आले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. काही रचनांत अशा दांड्याचे दोन भाग प्लास्टिकच्या लहान खुंट्यांनी जोडलेले असतात. धडकेत त्या तुटाव्यात आणि दांडा दुर्बिणीसारखा आत सरकावा, अशी योजना असते. हातोड्याच्या घावाला आणि धडकेला त्या खुंट्या वेगवेगळे ओळखत नाहीत. त्या तुटल्या तर दांडा ढिला होतो आणि ऐन अपघातात जे संरक्षण मिळायचे ते आधीच खर्ची पडलेले असते, आणि हे बाहेरून पाहून कोणालाही कळत नाही. त्यामुळे दांडा दबणारा आहे की अखंड, याची खात्री नसेल तर हातोडा पेटीतच ठेवावा.

हातोड्याला एक चांगला पर्याय आहे आणि त्याला फार तर जवळच्या वेल्डिंगवाल्याची दहा मिनिटे लागतात. अनेक चाकांच्या मध्याजवळ, नटाच्या दोन्ही बाजूंना, आटे पाडलेली दोन छोटी भोके असतात. ती पुलरसाठीच ठेवलेली असतात. त्या आट्यांना जुळणारे दोन लांब बोल्ट आणि आठ-दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्यावी. पट्टीत त्या भोकांच्या अंतराइतकी दोन आरपार भोके पाडावीत. पट्टी नटावर आणि दांड्याच्या टोकावर आडवी टेकवून दोन्ही बोल्ट पट्टीतून चाकाच्या आट्यांत फिरवावेत. नट खोल असेल आणि पट्टी त्याला टेकत नसेल तर मध्ये एखादी जुनी गोटी किंवा जाड बोल्टचा तुकडा ठेवावा. मग बोल्ट आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळत जावे. पट्टी दांड्याला रेटते, बोल्ट चाकाला वर ओढतात. पुलर यापेक्षा वेगळे काही करत नाही. बोल्ट किमान सात-आठ आटे आत गेलेले असावेत, नाही तर चाकातले मऊ आटेच बाहेर येतात. ताण आला तरी चाक सुटत नसेल तर अधिक आवळण्याऐवजी त्याच ताणाखाली चाक पुन्हा डोलवावे. बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज होतो आणि काम होते.

चाक सुटल्यावर नट काढावा, चाक उचलावे, आणि खालचे मूळ काम करावे. संपर्काच्या कडीवरचा काळपट थर बारीक पॉलिश कागदाने काढून तिला अगदी थोडे ग्रीस लावले की हॉर्नचे काम बहुधा तेथेच संपते. या वेळात दांडा फिरवू नये आणि इंडिकेटर परतवणाऱ्या खुंटीची जागा पाहून ठेवावी. चाक बसवताना ती आपल्या खाचेत न बसता चेंगरली, तर नवा खटका पहिल्याच दिवशी तुटतो.

चाक काढण्यात दात पडण्याची भीती असते, बसवण्यात जीव जाण्याची. ज्या नटाने चाक धरले आहे, त्याला दुसरा जोडीदार नसतो. दाते तारेच्या ब्रशने स्वच्छ व कोरडे करावेत. पुन्हा अडकू नये म्हणून तेथे भरपूर ग्रीस चोपडण्याचा मोह होतो, पण पाचरीची पकड कोरड्या घर्षणावरच अवलंबून असते. रेघेला रेघ जुळवून चाक हाताने सरळ खाली बसवावे. नट आतून नायलॉनच्या कड्याचा असेल तर नवा घ्यावा, स्प्रिंग वॉशर चपटा झाला असेल तर तोही बदलावा. दोन्ही मिळून खर्च एका चहा-नाश्त्याचा.

नट किती आवळायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते; लहान मोटारींत तो आकडा साधारणपणे 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर प्रवासी बॅगा तोलण्याचा हूकवाला काटा उपयोगी पडतो. पान्याच्या दांड्यावर, नटाच्या मध्यापासून बरोबर 30 सेंटिमीटर अंतरावर काटा अडकवून दांड्याशी काटकोनात ओढावा. काट्यावर 12 किलो दिसले की नटावर सुमारे 35 न्यूटन-मीटर जोर पडलेला असतो. पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर त्याच प्रमाणात वजन धरावे. ‘हाताला घट्ट लागले’ हे माप येथे पुरेसे नाही.

पॅड बसवण्याआधी नट आणि दांडा यांच्यावरून एक नवी, ठळक रेघ ओढावी. बॅटरी जोडून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, प्रत्येक पाव फेऱ्याला हॉर्न दाबून पाहावा, दोन्ही बाजूंचा इंडिकेटर सारखाच परततो ना, ते पाहावे. चाक आपल्याकडे ओढून आणि पुढे ढकलून त्यात किंचितही ढिलेपणा नाही, याची खात्री करावी. पहिली फेरी रिकाम्या मैदानात, चालण्याच्या वेगाने मारावी. आठवडाभर गाडी चालल्यावर पॅड पुन्हा एकदा उघडून ती रेघ पाहावी. नटावरचा तुकडा दांड्यावरच्या तुकड्यापासून केसभर जरी सरकलेला दिसला, तरी गाडी तेथेच उभी ठेवून मिस्त्रीला घरी बोलवावे.